पडद्यामागचे सोमाजीभाऊ

ऊर्जानगर, १४ जुलै २०२५

प्रिय रीताबाई,

साष्टांग नमस्कार (वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, तेव्हा कागदावरचाच मान्य कर). इतके महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर मला दम लागतो आणि तुला रडू येतं. लिहिताना निदान मधे थांबता येतं. भद्रावतीला सगळे बरे ना? भाऊजींचा गुडघा?

माझं हृदय आता जवळजवळ रजेवर आहे. नागपूरचे डॉक्टर छातीत पंप बसवू म्हणतात, बाहेरच्या बॅटरीवर चालणारा. (जन्म वीज केंद्राच्या कॉलनीत गेला, आता रोज रात्री मलाच चार्जिंगला लावतील.) पण त्याआधी मनाची तपासणी. सावली गावचे आपले चुलतभाऊ सोमाजीभाऊ सोबत आले होते. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवणारा माणूस. त्यांनी बसमध्येच माझी तालीम घेतली. ‘झोप लागते, भूक लागते, टेंशन काईच नाई. उदास दिसला तं नापास करतीन तुले.’ आणि मी, बी.एस्सी. झालेला माणूस, पाठ करत बसलो.

मानसतज्ज्ञ जाहिदा मॅडमनी मला आत बोलावलं, तोवर भाऊ खोलीतल्या पडद्यामागे जाऊन बसलेले. मॅडमनी विचारलं, रडू येतं का? मागून कुजबुज आली, ‘नाई येत म्हण.’ मी घाबरून म्हणालो, ‘नाई येत म्हण.’

‘पडद्यामागचे भाऊ, बाहेर या,’ मॅडम म्हणाल्या. ‘पार्ट यांचा आहे.’

‘तो बुजरा आहे मॅडम, त्याले वाक्य द्या लागते.’

मग मॅडमनी समजावलं, की उदास असल्यानं इथे कोणी नापास होत नाही. मात्र ऑपरेशननंतर काही महिने कोणीतरी नागपुरात सोबत राहून जखम आणि बॅटऱ्या सांभाळायला हव्यात. तसं माणूस नसेल तर पंप नाही. कोण राहील? मी एकटा जीव. आईला स्वतःची गोळी सापडत नाही. मी भाऊंकडे पाहिलं. ‘माहा धानाचा रोवणा सुरू आहे,’ एवढंच म्हणाले, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत बसले. शेवटी मी एक नाव सांगितलं आणि बाहेर आलो.

तुला काळजीत टाकायला हे लिहिलेलं नाही. सहज कळवलं.

तुझा,
प्रफुल

ता.क. सहज कळवलं हे खरं नाही. नाव तुझं सांगितलं. ‘माझी मोठी बहीण, ती येईलच’ असंही म्हणालो. भाऊजींचा गुडघा, तुझ्या दिव्यानीचं बाळंतपण, सगळं माहीत असून.

ता.क. २. नाही म्हणालीस तरी वाईट वाटणार नाही. (हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलं. अजून खरं वाटत नाही.)

(स्वतःच्या वहीत) उद्या: मॅडमना फोन करून सांगणे, बाईला अजून विचारलेलं नाही.