दुमडलेला कान

४ मार्च
मेणाला हात लावला एकदाचा! नवी तान्ही बाहुली. कारखान्याचे मालक म्हणाले, "चेहरा तुम्हीच ठरवा, फक्त गोड हवा." मी माझाच ठरवलाय. आईच्या कपाटातला माझा तान्हेपणीचा फोटो — एकुलता एक — समोर टेकवून बसले. का, ते मालकांना सांगितलं नाही. आई मला ओळखेनाशी झाली त्याला सात महिने झाले. रोज विचारते, "तुम्ही कोण?" निदान हा चेहरा तरी ओळखेल. वेडेपणा आहे, कळतंय.

५ मार्च
दिवसभर गाल. रबर साच्यातून निघाल्यावर आकसतं, म्हणून मेणाचं डोकं हवं त्याहून मोठंच करायचं. आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या तर चेहऱ्यात जीव राहत नाही. एक भुवई केसभर वर ठेवली.

७ मार्च
साचेवाल्याने डोकं फिरवून पाहिलं आणि नाक मुरडलं. फोटोत डावा कान वरून दुमडलेला आहे, मी तसाच केला होता. "घडीत हवा अडकते, बाई. शंभरातल्या तीस कानांना भोकं पडतील. बाहुली करताय, पासपोर्टचा फोटो नव्हे!"
हसू आलं. शिवाय माझे दोन्ही कान सरळच आहेत की! तेव्हा टोपीखाली दुमडला गेला असेल. कोरणी गरम करून सरळ करून टाकला.

१० मार्च
मेणाचं डोकं घरी आणलं, आईच्या मांडीवर ठेवलं. तिने बोटं फिरवली — कपाळ, नाक, हनुवटी. चेहरा उजळला तिचा! मग बोटं डाव्या कानाशी थांबली.
"हिचा कान कुणी सरळ केला?"
आणि अशी रडायला लागली की काही विचारू नये. मी तिचं बोट माझ्या कानाला लावलं. "अगं, बघ ना, हा माझा कान. सरळच आहे." तिने हात झटकला. "तुम्ही कोण?"
राग आला मला. आईचा! लिहितानाही लाज वाटते.

११ मार्च
मावशीला फोन केला. माझा कान कधी दुमडलेला होता का गं? ती म्हणाली, "तो फोटो तुझा नाही."
माझ्याआधी एक झाली होती. सव्वा महिन्याची होऊन गेली, फोटो काढल्यावर चौथ्या दिवशी. म्हणून आईने तान्हेपणी माझा फोटो कुणाला काढूच दिला नाही. "लहानपणी तू आईला विचारलंस, ही मीच का? ती हो म्हणाली. मग आम्हीही हो म्हणालो."
एकेचाळीस वर्षं सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं!
तोंड धुऊन कामावर गेले. दिवसभर कोरणी धरवली नाही.

१३ मार्च
कान परत दुमडला. साचेवाल्याला सगळं सांगितलं. त्याने कानाच्या घडीवरून अंगठा फिरवला. "राहू द्या तसाच. हवा कशी काढायची ते माझं मी बघतो."

१७ एप्रिल
पहिली बाहुली घरी आणली. आईने आधी कान चाचपला, मग तिला छातीशी धरलं. वर पाहिलं आणि हाताने मला जवळ बोलावलं.
"ये ना, लांब काय उभी राहिलीस? तुझी ताई आहे ही."