हेडसेटमधली हाक

३ जून
आजपासून नोकरी! तक्रार निवारण कक्ष, तिसरा मजला, खिडकीजवळची जागा. घरी लेकीच्या, चिमीच्या मागे धावून झाल्यावर ही खुर्ची सिंहासनच वाटली. चिमीला माझी आई सांभाळणार. इथे मोबाइल दारातच जमा करतात, पण जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवरून घरी बोलता येतं. लॅपटॉप विंडोजवाला नाही, लिनक्सवाला, म्हणून बाकीच्या बाया त्याच्याकडे साप पाहिल्यासारख्या बघतात. मला येतं लिनक्स. हेडसेट मात्र आधीच्या बाईचा, कानाचा स्पंज कुरतडलेला. ती का गेली विचारलं, तर पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, कामाला लागा. बाईंच्या जिभेला हाड नाही. माझ्याही नाही, म्हणजे आमचं जमेल.

४ जून
हेडसेटनं डोकं पिकवलं. ब्लूटूथवाला आहे. सेटिंगमध्ये एक पर्याय निवडला की आवाज स्वच्छ, पण माइक गायब. दुसरा निवडला की माइक येतो, पण समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. एकतर ऐका, नाहीतर बोला. माझे सासरे असेच आहेत. जोडणी काढून पुन्हा जोडली, लॅपटॉप बंद करून सुरू केला. पालथ्या घड्यावर पाणी. दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं, तर ते हेडसेटला हातच लावेनात. जाताजाता म्हणाले, "माइक बंद असताना कुणी हाक मारली, तर ओ देऊ नका." म्हातारचळ, दुसरं काय.

५ जून
माइक नसलेल्या पर्यायावर ठेवून एक जुनी तक्रार ऐकत होते. मध्येच हाक आली, "ठके." मला ठकी फक्त आई म्हणते. वाटलं, घरचा फोन लागला. सवयीनं ओ दिली. पुढे काहीच नाही. पण तेव्हापासून माइकही चालू आणि आवाजही स्वच्छ, दोन्ही एकदम! दुपारी घरी बोलले. आई म्हणाली, मी कशाला हाक मारू?

९ जून
लॅपटॉपच्या पडद्यावरची माइकची हिरवी पट्टी मी गप्प असतानाही हलते. माइक बंद केला, तरी हलते. ग्राहक म्हणतात, बाई, हे आत्ताच तर सांगितलंत. रेकॉर्डिंग काढून ऐकलं. आवाज माझा. शब्द माझे नाहीत. इतकं गोड मी नवऱ्याशीसुद्धा बोलत नाही. पर्यवेक्षक बाई खूश, म्हणाल्या, असंच बोलत जा. शेजारचीनं खुर्ची लांब सरकवली आहे. मला भीती वाटतेय.

११ जून
घसा बसला. डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही. बोलायला गेलं की नुसती हवा. हेडसेट बंद करून खणात कोंडला — पट्टी हलतेच.
जिन्यात आधीची बाई उभी होती. माझ्यासाठीच. तिलाही आवाज नाही. हातातल्या पाटीवर लिहिलं, तो हेडसेट आधी माझा होता. तुम्हीपण ओ दिलीत? मी मान डोलावली. तिनं पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, घरी लहान कुणी आहे?

१२ जून
कामावर गेले नाही. जाणारही नाही. या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून आईशी बोलते. चिमीला अजून वाचता येत नाही —

आईचा फोन वाजला. तिनं उचलला, "बोल गं ठके," म्हणाली — आणि मी समोर बसलेली दिसले. आई पांढरीफटक पडली. चिमीनं फोन हिसकावला, न्हाणीघरात पळाली, आतून कडी. तिला खेळ वाटतोय —

दार बडवलं. कडी निघत नाही. आतून माझा आवाज. गोड. "चिमे."

हसतेय ती. मी हाक मारली की लगेच ओ द्यायची, हे मीच शिकवलंय —

आई चष्मा शोधतेय — तिचा आवाज आहे अजून — आई, हे वाच, ओरडून सांग तिला, ओ देऊ न