सरावाचा फॉर्म

तीर्थस्वरूप यमुताईस,

धाकट्या मधुसूदनचा वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे यंदा मनातल्या मनातच वाकलो आहे). तुझ्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? थेंब वेळेवर घालतेस ना? आम्ही नागपुरात बरे आहोत. तुझ्या भावजयीची, सुहासिनीची, तब्येत ठणठणीत, आवाजही. माझ्या गुडघ्यांना तेल चालू आहे. फरक नाही, पण समाधान आहे. पत्र अशासाठी, की फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि सुहासिनीला स्वयंपाकघरातूनही सगळं ऐकू येतं.

ताई, तुझा नातू माझ्या घरून गेला तो माझ्याच मूर्खपणानं. दोन वर्षांपूर्वी केयूरला कॉलेजसाठी आमच्याकडे ठेवताना तू म्हणाली होतीस, "मधू, पोराच्या खाण्यापिण्याकडे लक्ष ठेवजो गा." मी लक्ष ठेवलं. इतकं, की त्या रविवारी त्याच्या टेबलावरचे कागदही वाचले (शाळा सातवीत सुटली, पण दुसऱ्याचं वाचायला तेवढी पुरते). एक छापील फॉर्म होता. नावाच्या जागी नुसता एक नंबर, वयाची जागा कोरी, अक्षर केयूरचं. न्याहारी : तर्री-पोहे, बाहेर. तळलेलं : रोज. व्यायाम : नाही. जिना चढताना धाप : लागते. मद्य : आठवड्यातून तीनदा, घरच्यांना माहीत नाही. विशीतल्या पोराला जिना चढताना धाप! संध्याकाळी केयूरलाच विचारता आलं असतं, पण काळजी माणसाला थांबू देत नाही. मी विक्रमला फोन लावला. तुझा लेक मौद्याहून तासाभरात हजर. पोराला समोर उभं करून म्हणाला, "कोणाचा आहे बे हा फॉर्म?" केयूरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुहासिनीकडे, आणि मान खाली घातली. विक्रम त्याची बॅग भरून त्याला घेऊन गेला.

काल तो मला सीताबर्डीला दिसला. वाळला आहे गं. मौद्याहून रोज बसनं ये-जा, सकाळी सहाला उपाशी निघतो. दुपारचे तीन वाजले होते आणि त्या दिवसाचा पहिला घास म्हणजे हातातला समोसा. जे वाचून मी घाबरलो होतो, ते मीच त्याच्या ताटात वाढलं. पाया पडला. मग सांगितलं, की कॉलेजातल्या मुलामुलींच्या खाण्याची, दारूची, तब्येतीची पाहणी त्यांच्या गटाला करायची होती. दोनशे जणांना विचारण्याआधी सराव म्हणून त्यानं ओळखीच्या एका वयस्क गृहस्थाला जेवताना प्रश्न विचारले, तोच तो फॉर्म. (गृहस्थ फारच मनमोकळे असावेत.)

"मग बापाले काहून नाही सांगितलं गा?"

"आजी तिथंच उभी होती न, आजोबा." आणि हसून म्हणाला, "गुडघ्याले तेल लावून राहिले ना?"

मी त्याला आणखी एक समोसा घेऊन दिला. दुसरं काय देणार होतो? सुहासिनी अजून सवयीनं चार पोळ्या जास्त लाटते, आणि त्या कोणी खायच्या हे कोणी बोलत नाही.

तुझा लाडका (अजून असलो तर),
मधू

ता. क. : विक्रमला एवढंच सांग, की फॉर्म केयूरचा नाही. कोणाचा, हे विचारू नये. ते गृहस्थ अब्रूदार आहेत.

पुन्हा ता. क. : बरं, मीच. सुहासिनी देवळात गेली होती, वरणभाताच्या भरात बोलून गेलो आणि महिन्याभरानं छापील कागदावर वाचलं तेव्हा मी मलाच ओळखलं नाही. तेलाच्या बाटलीत तेल नाही, ताई. सुहासिनीला कळू देऊ नकोस.

अगदी शेवटचं : पाकीट चिकटवताना आठवलं, डोळ्यांच्या ऑपरेशनपासून तुझी पत्रं विक्रमच वाचून दाखवतो. दुसरं पत्र लिहायचं धैर्य नाही. तर विक्रम बाबू, इथवर वाचलंच आहेस तर ऐक. तुझ्या मामाची अब्रू राखायला पोरगा तुझ्या शिव्या खाऊन गप्प राहिला. त्याला सोमवारी पाठवून दे. मामीला सांगायची काळजी करू नको. बाटली मी आत्ताच मोरीत ओतली, आणि ती दारात उभी राहून विचारते आहे, तेलाला असा वास कसा.