ताईचं शिफारसपत्र

ता. ३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तब्येतपाणी विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, सरळ मुद्द्यावर येतो. निकालाच्या दिवशी माझे कान नुसते बधिर झाले होते. शिक्षा का वाढली ते काल वकीलबाईंनी कागद दाखवले तेव्हा कळलं. जजसाहेबांना तू पत्रात लिहिलंस, माझा भाऊ माणसांना धरून आहे, कष्टाळू आहे. इथवर ठीक. पण दोन वर्षांपूर्वी बाबांच्या ऑपरेशनलाही तो धावत आला, महिनाभर राहिला, स्वयंपाकघरात नवी फरशी बसवून गेला, हे कुणी विचारलं होतं? अगं, मला या देशातून हद्दपार करून तेव्हा तीन वर्षं झाली होती! परवानगीशिवाय यंदा परत आलो एवढंच त्यांना ठाऊक होतं. आधीची खेप तू सहीनिशी कळवलीस. आठ महिन्यांवर भागणार होतं, त्याची अडीच वर्षं झाली.

शिक्षा वर्षाच्या आत असली तर परत धाडण्याआधी पंधरा दिवस घरी राहू देतात. नाहीतर तुरुंगातून थेट विमानात. वकीलबाई म्हणतात, साल चुकलं असेल तर वीस तारखेच्या आत अपिलात दुरुस्त करता येईल. तेव्हा साल चुकलं, फरशी हद्दपारीच्या आधीची, असं प्रतिज्ञापत्र दे. इथे पत्रं फोडतात, पण मराठी कुणाला येत नाही. बाबांना मी कामावर लांब आहे असंच सांग.

लोभ पुष्कळ झाला, आता सही हवी.

धाकटा

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला, मनावर घेऊ नकोस. ‘ताई, माझ्याबद्दल भरपूर चांगलं लिही’ म्हणून फोनवर कोण मागे लागलं होतं? आणि दोन वर्षांपूर्वी दारात उभं राहून, कागदपत्रं झाली, उजळ माथ्याने आलोय, असं कोण म्हणालं होतं? बाबांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, मी रडले. ती थाप होती हे मला भर कोर्टात कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

वर आता खोटी शपथ घेऊ? दवाखान्याच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरी उपसते तेव्हा घर चालतं. पुढच्या महिन्यात माझा राहण्याचा परवाना नव्याने व्हायचाय. मलाही हाकललं तर बाबांचं कोण करणार? सही मिळणार नाही. फरशी मात्र अजून हललेली नाही, तेवढं काम चोख केलंस.

राग आहे तो असाच राहू दे.

ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,

नमस्कार धरून चाल. थाप मारली, कबूल. खरं सांगितलं असतं तर तू उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतंस. यंदाही बाबांना झटका आला म्हणून आलो, हवा खायला नाही. ते ब्याऐंशीचे आहेत. अडीच वर्षांचा हिशेब तूच कर.

आणि खरेपणाचा एवढा तोरा मिरवू नकोस. तुझ्या पहिल्या परवान्यासाठी कचेरीच्या रांगेत तीन दिवस मी उभा होतो. तुझ्या नोकरीच्या दाखल्यावरची तारीख खरी होती का? मी कुणाला सांगायला जाणार नाही. तू मात्र आठवून बघ.

धाकटा

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र माझ्याआधी बाबांनी फोडलं. अक्षर ओळखलं त्यांनी. मग जुनी पत्रंही शोधून वाचली. रागावले नाहीत. इस्त्रीचा शर्ट मागून घेतला आणि मी कामावर गेल्यावर एकटे वकीलबाईंकडे पोचले. फरशी सहा वर्षांपूर्वीची, मुलीचा घोटाळा झाला, असं लिहून सही करून आले. चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासले, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, तो माणूस. मला म्हणाले, सही नीट आली नाही. तेव्हापासून ताटावर बसतात आणि तसेच उठतात.

वीस तारखेला कागद कोर्टात जाईल. सुटलास तर पंधरा दिवस ये. जेवायला वाढीन, बोलणार नाही. मला धमकावलंस ते मी गिळलं असतं. बाबांना खोटं बोलायला लावलंस, ते मरेपर्यंत विसरणार नाही.

ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,

अपील मागे घेतलं. साल तुझंच बरोबर आहे, हेही वकीलबाईंना सांगितलं आणि बाबांचा कागद माझ्यासमोर फाडायला लावला. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. आपलं भांडण आहे तिथेच आहे. दाखल्याचं लिहायला नको होतं, पण माफी मागत नाही.

अडीच वर्षं ते थांबतील का, हे मला लिहू नकोस. त्यांना इथे आणूही नकोस. फक्त सांग, की त्यांची सही कोर्टात गेली नाही. आता जेवा म्हणावं.

धाकटा