पिल्लाची हाक

२ तारीख, सोमवार
आले एकदाची! विद्यापीठानं मगर संशोधन केंद्राची किल्ली हातात ठेवली आणि पहिल्या दिवशी शाळेत गेल्यासारखं वाटलं. घर तळ्याच्या कुंपणाच्या आतच. दोन खोल्या, मागे उबवणीची खोली, खिडक्यांना जाड गज, दार एकच, आणि दारापासून फाटकापर्यंत काठाकाठानं तीस पावलं. मोजली, खोड जात नाही. फाटकाच्या गजांतून लहान मूल सहज आत येईल, दुरुस्तीचा अर्ज टाकायला हवा. फोनला रेंज फक्त फाटकापलीकडच्या ऑफिसात, म्हणून फोन तिथेच ठेवते. तळ्यात एकच मादी, साडेतीन मीटरची. राखणदार दाजी तिला थोरली म्हणतात. ती लाजाळू आहे, पाऊल वाजलं की पाण्यात.

५, गुरुवार
दाजी लेकीच्या बाळंतपणाला गेले. जाताना बजावून गेले, की उबवणीतली थोरलीची अंडी फुटली की चार पिल्लं तरी तिला काठावर नेऊन द्यायची, ते दरवर्षी देतात; बाकीची खुशाल अभ्यासाला ठेवा, पण ज्याचं त्याला द्या. मी मान डोलावली. मनात म्हटलं, चार पिल्लं दिली तर नोंदी अर्धवट राहतील. यंदा नाही दिली तर काय आभाळ कोसळणार आहे?

७, शनिवार
बारा पिल्लं बाहेर आली, बाराही पेटीत. दुपारी शाळेची मुलं आली, कुंपणाबाहेरच्या उंच मचाणावर बसली. एका शहाण्यानं नक्राश्रू खरे असतात का विचारलं. सांगितलं, डोळ्यांत पाणी येतं, पण दुःखाचं नाही. मग पिल्लाची हाक स्पीकरवर लावली. थोरली ढिम्म. वर्गाची लाज राखायला मीच घशातून हाक काढली, अंक्-अंक्-अंक्. थोरली सरसर काठावर! टाळ्याच टाळ्या. मुलं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मीही वीसेक वेळा ओरडले. संध्याकाळी फोनवर चिमणीला ही हाक शिकवली. माझी लेक, सहा वर्षांची, दोनदा ऐकून अगदी हुबेहूब. पुढच्या रविवारी बाबांबरोबर येईल तेव्हा फाटकावरून अशीच हाक मारणार म्हणाली.

१०, मंगळवार
सकाळी दार उघडलं तर थोरली पायरीवर. पाऊल वाजवलं, बांबू आपटला, हलली नाही. दार लावून घेतलं. मला खोकला आला आणि बाहेर तिचं नाक दाराला लागलं.

११, बुधवार
दिवसभर तिथेच. जबडा उघडत नाही, फुत्कारत नाही. नुसती हनुवटी उंबऱ्यावर ठेवून पडून आहे. रागावलेली असती तर समजलं असतं.

१२, गुरुवार
दाजींचं ऐकायला हवं होतं. बाराही पिल्लं खिडकीच्या गजांतून खाली सोडली. तिनं एकेक जबड्यात उचललं, दातही न लावता, आणि पाण्यात नेलं. बारा खेपा. सुटले! आनंदानं रडू फुटलं.
हुंदक्यासरशी ती परत आली. तिच्या हिशेबात एक पिल्लू अजून राहिलंय.

१३, शुक्रवार
बिस्किटं संपली. ऑफिसात कुणी येत नाही. तोंडावर रुमाल बांधून बसलेय, श्वासाचाही आवाज नको. ती उंबऱ्याखालची माती उकरतेय. अंडं फुटायच्या वेळी माद्या अशाच उकरतात, मीच शिकवते हे मुलांना. म्हणजे तिला हे घर —

१४, शनिवार
दाराची खालची फळी हलतेय. दाताचा व्रण नाही कुठे. हळूच ओढते. किती हळू —
पण माझं अंग पिल्लाएवढं नाही. तो जबडा मला पुरणार नाही, हे तिला कोण सांगणार?
उद्या रविवार. चिमणी —

१५, रविवार
अकरा वाजता येणार. फोन तिकडे, मी इकडे. गजांना चादर बांधली, पण ती फाटकाकडून दिसत नाही. ओरडून पाहिलं, वारा उलटा. थोरलीच तेवढी खूश झाली.

गाडीचा आवाज. गाडीचं दार वाजलं. धावत येतेय, पावलं तिचीच —
मागे फिर म्हणून ओरडले. तिला खेळ वाटला. उत्तर दिलं — अंक्-अंक् — किती छान जमतं गं तुला —
थोरलीनं तोंड फिरवलं. पायरी उतरली. फाटकाकडे. तीस पावलं.
चिमणीहून मोठ्यानं मलाच हाक द्यायला हवी. दारात उभं राहून. थोरली परत येईल, येतेच —
कडी काढली. अंक्