नाल्याच्या पात्रातले तंबू

सँडीफोर्ड, डब्लिन
१९ जुलै २०१२, दिव्याची अवस

चि. राजस,

अनेक आशीर्वाद. तू मजेत असशील. मी पण ग्रँड आहे. इथे पाय मोडला तरी माणूस ग्रँडच असतो, तसली.

जूनपासून पाऊस थांबलेला नाही. चेरीवूडच्या ऑफिसात खिडकीबाहेर धो धो आयर्लंड आणि माझ्या स्क्रीनवर लडाख, स्पिती नि थरचं वाळवंट. विमा कंपन्यांसाठी त्या कोरड्या मुलखाचा ऑगस्ट-सप्टेंबरचा पावसाचा अंदाज काढायचा, हे माझं काम तुला पाठच आहे. शेजारच्या टेबलावरचा शेमस दर जुलैत विचारतो, "जिथे पाऊसच नाही तिथला अंदाज कशाला गं?" पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. या वर्षी त्याच्यावर खेकसले. बिचारा चहा घेऊन आला.

सकाळी प्रेसमधून आईची समई काढून घासली. 'प्रेस' म्हणजे इथलं कपाट, मीही आता तसंच म्हणायला लागलेय. म्हटलं, दिवे लावावेत आणि मग तुला पत्र लिहावं. राखीच्या पत्रात तुझ्या टूर कंपनीसाठी लडाखचा अंदाज, हा आपला रिवाज. "ताईची ओवाळणी उलटी येते," असं तू सगळ्यांना सांगत फिरायचास. मलाही केवढं कौतुक वाटायचं!

हं, तर बातमी. स्वरांगीच्या बाळाचं बारसं गेल्या महिन्यात झालं. इंद्रनील नाव ठेवलं. गोरा, टकलू, अगदी दीनानाथकाकांसारखं कपाळ. सुरेखाकाकू मुलीच्या बाळंतपणाला इथे एकट्या आल्या, तेव्हापासून मी दोनदा डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. दोन्ही वेळा त्या झोपलेल्या होत्या. मला वाटलं, दुःख आहे, वर्षसुद्धा झालं नाही काकांना जाऊन, झोपू देत. स्वरांगीही तुटक वागायची. तेही मी दुःखाच्याच खात्यावर टाकलं.

बारशाला पाळण्याच्या एका बाजूला काकू आणि दुसऱ्या बाजूला मी. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं. मी पाळण्याखालून हात पुढे केले. काकूंनी बाळ दिलं नाही. छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "स्वरांगी, दुसरं कुणीतरी उभं राहा गं."

सगळ्यांसमोर, राजस. आई-बाबा गेल्यावर ज्यांच्या ताटात आपण दोघं जेवलो, त्या काकू.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात त्यांना विचारलं. त्या भांडी पुसत होत्या, पुसतच राहिल्या. "हे राजसबरोबर लडाखला यायला तयार नव्हते. म्हणाले, नंदिनीला विचार, ती म्हणाली तर जाऊ. राजसनं सांगितलं, ताई म्हणते, ऑगस्ट कोरडा ठणठणीत, निर्धास्त चला. तुझ्या शब्दावर आले गं ते. मी दुपारी तंबूपुढचे गोल गोटे वेचले, टॉवेलवर ठेवायला. नदीतल्यासारखे गुळगुळीत. मला काय माहीत, आम्ही नदीतच राहतोय!"

 तंबूपुढे गुळगुळीत गोटे!

काका गेले तेव्हा तू मला काय सांगितलं होतंस? "ताई, तंबू वर गावाजवळच होते, पाणी तिथवर चढलं, कुणाच्या हातात नव्हतं." हे ऐकून मी महिनोन् महिने तो अंदाज पुन्हा पुन्हा तपासला. त्या उंचीवर पाणी चढलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं म्हणत स्वतःला खात राहिले. काकांनी गच्चीवर पत्र्याच्या डब्यात पाऊस मोजायला शिकवलं म्हणून मी या धंद्यात आले, आणि माझ्याच अंदाजानं त्यांना नेलं, असं मानून रडले. तू फोनवर ते ऐकत होतास. वर "रडू नकोस गं" म्हणत होतास. लाज कशी नाही वाटली रे?

गेल्या वर्षी पत्राला उशीर झाला म्हणून मी स्काइपवर काय सांगितलं होतं, ते पुन्हा सांगते. पाऊस सरासरीइतका, म्हणजे नावालाच. पण अशा मुलखात सरासरीवर जाऊ नकोस. तिथे महिन्याचा पाऊस अर्ध्या तासात पडतो, डोंगरावर झाड नाही की गवत नाही, सगळं पाणी थेट नाल्यात येतं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी येतं. तंबू कोरड्या पात्रात लावू नकोस, गावाच्या बाजूला चढावर लाव. तू म्हणालास, "हो गं बाई, कळलं." आणि पहिलं वाक्य तेवढं पुढे पोचवलंस. कारण दुसऱ्या वाक्यानं गिऱ्हाईक बिचकतं आणि चढावर बस जात नाही.

तरी मी काकूंसमोर तोंड उघडलं नाही. म्हटलं, आधी भावाला विचारू, त्याची काही बाजू असेल. फोन केला तर तुझी बॅच निघत होती. मग आली तुझी मेल. "ताई, काकूंना एकदा म्हण ना, अंदाज चुकला. तू तिकडे आहेस, तुला कोण विचारतंय? मला इथे तोंड दाखवून धंदा करायचाय. आणि यंदाचा अंदाज पाठव, बॅच फुल आहे."

वा रे वा! चोर तो चोर, वर शिरजोर. पाण्यानं तंबू नेले, ते तर निसर्गानं केलं म्हणू. पण माझा गळा तू केसानं कापलास, राजस, आणि वर मलाच म्हणतोस, मान जरा वाकडी कर.

मी म्हणणार नाही. काकूंनी माझ्या हातात बाळ दिलं नाही, ते तुझ्यासाठी आयुष्यभर सोसायची माझी तयारी नाही. मला ते पोर हातात घ्यायचंय.

यंदाचा अंदाज देते. तुझ्यासाठी नाही, बॅचमधल्या माणसांसाठी. लडाखला सरासरीपेक्षा थोडा जास्त पाऊस, जोर ऑगस्टच्या उत्तरार्धात. तंबू कोरड्या पात्रात लावायचे नाहीत, ऊन असलं तरी नाहीत, बस जात नसली तरी नाहीत. या वेळी लेखी देतेय, कारण तोंडी सांगितलेलं तू अर्धं गिळतोस.

पाकिटात राखीही ठेवली आहे. बांधायची की नाही, हे मी नाही, काकू ठरवतील. त्या रविवारच्या विमानानं निघताहेत आणि पत्र त्यांच्याच हाती पाठवतेय. कुणाच्या हाती दिलेल्या पत्राचा शिष्टाचार म्हणून पाकीट चिकटवणार नाही. स्वरांगी बाळाला घेऊन आली आहे, तिनं इथवरचं आत्ताच माझ्यासमोर वाचलं. आणि बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. ती काकूंना सांगणार आहे, की आई, प्रवास लांबचा आहे, हे नीट वाच.

म्हणजे सोमवारी त्या तुझ्या दारात उभ्या राहतील तेव्हा त्यांना सगळं माहीत असेल. दार तूच उघड. त्यांनी राखी काढून दिलीच, तर आधी त्यांच्या पाया पड आणि मग हात पुढे कर. नाही दिली, तर का दिली नाही, ते मला फोन करून विचारू नकोस.

जिचं अर्धंच वाक्य तू पुढे पोचवलंस ती,
तुझी ताई
नंदिनी