लाल ठिपक्याचा स्क्रू

तळेगाव ढमढेरे,
शनिवार

प्रिय अलीम,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून वरचा पत्ता टेम्पोवाल्या हौसरावाकडून लिहून घेतलाय. फसवणूकच आहे, पण एवढी चालवून घे. तुझा फोन नंबरही त्याच्याकडे आहे, पण बावीस वर्षांनी फोनवर पहिला शब्द कुठला बोलायचा तेच मला सुचत नाही. कागदावर निदान खोडता येतं, आणि मी बरंच खोडलंय.

तुझी भाभी शहाबानो मागच्या रमजानच्या आधी गेली. तुला कळलं असेल. तू आला नाहीस त्याचा राग नाही; मी तरी कोणत्या तोंडानं वाट पाहायची. नौशाद चाकणला कंपनीत आहे, अफरीन सोलापूरला सासरी. दोघंही रविवारी फोन करतात आणि जेवलात का विचारतात. मी हो म्हणतो. एकदा डाळ केली की दोन दिवस पुरते, आणि तिसऱ्या दिवशी डाळ बदलायची एवढाच काय तो फरक. खरं सांगायचं तर घर खायला उठतं, अलीम. दिवसभर कोणी नावानं हाक मारत नाही. तुला वाचून बरं वाटत असेल तर वाटू दे.

त्या रिकामपणातच दिवाळीनंतर मी अब्बांच्या जीपवरची ताडपत्री काढली. मिलिटरीच्या लिलावातून अब्बांनी आणलेली ती पेट्रोल जीप अम्मा गेली त्या दिवसापासून लिंबाखाली उभी आहे. तेव्हापासून तिला कोणी सेल्फ मारला नाही की बोनेट उघडलं नाही. टायर बसलेत, सीटमध्ये उंदरांनी संसार केलाय. म्हटलं, सुरुवात करंटपासून करू. प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रीब्युटर काढायच्या आधी इंजिन हँडलनं फिरवून आतला रोटर पहिल्या प्लगच्या वायरीसमोर आणायचा, खूण करायची आणि मगच हात घालायचा. हे काम दोन माणसांचं. आपण करायचो तेव्हा हँडलवर तू आणि बोनेटवर वाकलेला मी. मी ‘बास’ म्हणायच्या आधीच तू थांबायचास, आणि त्याचाही मला राग यायचा. या वेळी मी शहाबानोचा आरसा बॅटरीला टेकवून ठेवला आणि पुढून हँडल मारत त्यात रोटर बघत राहिलो. चार वेळा पुढे गेला. आरशात रोटरपेक्षा माझंच थोबाड जास्त दिसत होतं.

शेवटी डिस्ट्रीब्युटर बाहेर निघाला. शाफ्ट बोटानं हलवला तर खडखड वाजायचा. शिरूरच्या लेथवाल्याकडून नवीन बुश करून घेतला. तो पोरगा म्हणाला, काका, इलेक्ट्रॉनिक बसवा, ही कटकटच जाईल. मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे आता कटकटच तेवढी उरलीय. आतली दोन वजनं गंजून चिकटली होती. तीन दिवस डिझेलमध्ये ठेवली तेव्हा सुटली. कंडेन्सर पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. सगळं जमत आलं. ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या सीबी पॉइंटची प्लेट तेवढी मी शेवटी ठेवली होती. का ठेवली होती ते मला माहीत होतं.

ती प्लेट तू बसवलेली. तू तेव्हा नुकताच दौंडला रेल्वेत लागला होतास आणि सुट्टीला घरी आला होतास. आदल्या संध्याकाळी नवीन पॉइंट टाकलेस, सकाळी अम्माला बाजारात नेऊन परत आणलंस. जीप एका सेल्फवर सुरू झाली. ओट्यावर बसलेले गेणबामामा म्हणाले, “हात असावा तर अलीमसारखा. थोरल्याला न्हाई जमत आसं.” ते सहज बोलले असतील. मला मात्र ते लागलं. सबंध गावाला गाडी शिकवली मी, तुला पान्याचे नंबर शिकवले मी. दुपारी तू एसटीनं दौंडला गेलास.

संध्याकाळी अम्माच्या छातीत कळ आली. जीप सुरू होईना. इंजिन फिरायचं, पण करंट नाही. मी पॉइंट घासले, वायरी चाचपल्या, हँडल मारून मारून हाताला फोड आले. हौसरावाचा टेम्पो कोरेगाव भीमाला भाजी घेऊन गेलेला. तो परत यायला तासभर गेला. शिरूरच्या दवाखान्याकडे जाताना कोंढापुरीच्या पुढे अम्मानं माझा हात सोडला. पुढचं तू ऐकलंस. कबरीपाशी, सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणालो होतो, “पॉइंट सैल ठेवलास. अम्मा तुझ्या हातानं गेली.” तीन मुठी माती टाकलीस आणि गेलास तो गेलासच.

पाचेक वर्षांनी हौसराव तुला केडगावला भेटला. येऊन मला म्हणाला, “अयुबभाई, अलीम आता पान्याला हात लावत न्हाई. बदली मागून घेतली त्यानं, रजिस्टर लिव्हत बसतो.” मी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. शहाबानो दर ईदला म्हणायची, अलीमला पत्र लिहा. एवढंच म्हणायची. ती याहून जास्त बोलू शकली असती, पण बोलली नाही. आता तिच्या जाण्यानं ते माहीत असलेला मी एकटाच उरलोय.

तू गेल्यावर त्या दुपारी मी डिस्ट्रीब्युटर उघडला होता. काही बिघडलेलं नव्हतं. तुझ्या कामात खोट काढायची होती, एवढंच. पॉइंट सोडवले, माझ्या मापानं पुन्हा बसवले, आणि माझ्या सवयीप्रमाणे घट्ट केलेल्या स्क्रूवर शहाबानोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला; सेल्फ मारून बघितलं नाही. बाटली तिनंच आणून दिली होती. बावीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी फक्त गॅप बघितला. परवा प्लेट उजेडात धरली. ठिपका जसाच्या तसा, स्क्रूच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत अखंड. म्हणजे माझ्यानंतर तो कोणी सोडवला नाही. आणि त्याखाली करंट अडवणारा फायबरचा वॉशर उलट्या बाजूला. करंट सगळा बॉडीत जात होता, ठिणगी पडणारच नव्हती. तू असलं कधी केलं नसतंस. काल जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात मी हे सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी कबरीपाशी असलेल्यांपैकी सातजण होते. गेणबामामाही दारात येऊन उभे होते.

पाकिटात कागदात गुंडाळलेला तो स्क्रू आहे, वॉशरसकट. काढताना ठिपका चिरला. अर्धा तुझ्याकडे आलाय, अर्धा इथं प्लेटवर आहे. शिरूरला तसला स्क्रू मिळतो, पण मी आणणार नाही. ये असंही म्हणत नाही, तो हक्क मी घालवलाय. पान्याला हात लावायचा की नाही ते तुझं तू ठरव. मात्र ज्या कारणानं तू तो खाली ठेवलास, ते कारण तुझ्या हातात कधीच नव्हतं. ते माझ्या हातात होतं, आणि मला ते माहीत होतं.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर, भाई
अयुब